सडकेवरचा नावाडी

आलापल्लीकडून येणाऱ्या डांबरी सडकेवर, आसपास घोटभर पाणी नसताना, एक माणूस नाव वल्हवत चाललेला मी पाहिला आहे. भर दुपार होती. हा गृहस्थ नावेच्या मागच्या टोकाला काळी छत्री उघडून बसलेला, अंगात नारिंगी तरंगतं जाकीट, एका हातात वल्हं. वळण आलं की तो ते वल्हं हवेत उजवीकडे नाहीतर डावीकडे मारायचा, आणि नाव खरोखरच त्या बाजूला वळायची. वळणारच. ती ट्रॅक्टरला बांधलेली होती.

हे आमचे वारलूभाऊ. माझ्या घराला लागून त्यांचं घर. ट्रॅक्टर चालवणारा माझा सख्खा साळा प्रभाकर. म्हणजे या प्रकरणाशी माझा काही संबंध नाही असं म्हणायची सोय मला पहिल्यापासून नव्हती.

मी आयुष्यभर लाकूड डेपोच्या कचेरीत सागाच्या लठ्ठ्यांची मापं लिहिली. निवृत्त झालो आणि बायकोच्या गावाला येऊन राहिलो, कारण तिथे साळा होता, ट्रॅक्टर होता आणि सल्ला द्यायला भरपूर लोक होते. सल्ला देणं हा माझा जुना रोग आहे. माझ्या सल्ल्यानं एकाने दारात बोअर मारली, ती कोरडी गेली. दुसऱ्यानं पोराचं लग्न पुढे ढकललं, ती पोरगी दुसरीकडे गेली. तरी लोक विचारतात, कारण मी फुकट सांगतो.

गावाच्या एका अंगाला नदी आहे, दुसऱ्या अंगाला मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव. पावसाळ्यात वारलूभाऊंची नाव नदीवर असते. पलीकडे एक टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे, तिला पूल नाही. बाजार, दवाखाना, लग्नाची वरात, सगळं त्या नावेतून. दिवाळीनंतर नदीला उतार पडतो, लोक पायी उतरतात, मग नाव तलावात मासे धरायला जाते. अशी वर्षातून दोनदा तिला सडकेनं न्यावी लागते. बाकी नावाडी नाव दोन चाकांच्या गाडीवर चढवतात, दोर आवळतात आणि स्वतः सायकलीनं पुढे जातात. वारलूभाऊ नावेत बसतात.

नुसते बसले असते तरी चाललं असतं. पण त्यांच्या लेखी ती सडक नव्हतीच. गतिरोधक आला की, "प्रभाकर, लाट हाये, सरळ घे." खड्ड्याला ते भोवरा म्हणत. समोरून खनिजाचा ट्रक आला की छत्री मिटून घ्यायचे आणि तो गेला की पुन्हा उघडायचे. प्रत्येक वळणावर गावभर ऐकू जाईल असा आवाज द्यायचे, "डाव्या अंगानं धार हाये रे." प्रभाकर आधी चिडायचा, मग त्यानं कानाला रुमाल बांधला.

जमिनीवरही हा माणूस नावेतच असे. लग्नाच्या पंगतीत त्यांना वाढायला कोणी लावत नाही, कारण ते आधी बसलेल्यांना उठवतात. "जाडा मानूस मधात घ्या. एका अंगाले बसले त पंगत कलते." एकदा एसटीत त्यांनी कंडक्टरच्या देखत डाव्या बाजूचे चार लोक उजवीकडे बसवले होते. कंडक्टर म्हणाला, "बाबा, गाडी नाई बुडत." वारलूभाऊ म्हणाले, "बुडेपर्यंत कोनतीच नाई बुडत." आणि मग भद्रावतीपासून चंद्रपूर येईपर्यंत तो कंडक्टर म्हणे मधोमध उभा होता.

गेल्या दिवाळीनंतर नाव तलावाकडे चालली असताना फाट्यावर मडावी मॅडमनी हात दाखवला. मॅडम वाहतूक शाखेत नव्या. खनिजाचे ट्रक वाढल्यापासून या सडकेवर माणसं मरायला लागली, म्हणून त्यांना इथे उभं केलेलं. बाई इथल्याच, घरी गोंडी बोलणाऱ्या. कोणाला दरडावत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. मी स्कूटरवर मागून येत होतो. थांबायचं काही कारण नव्हतं. थांबलो.

"भाऊ, खाली उतरा," मॅडम म्हणाल्या.

"काऊन?"

"ओढून नेलेल्या गाडीत माणूस बसत नसते."

"मी गाडीत नाई बसलो, बाई. मी नावेत बसलो."

"आन् नाव कुठी हाये?"

"गाडीवर."

"मंग?"

"तुमचा कायदा सडकेचा. मी सडकेवर नाईच. मी नावेत हाये." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्यांनी छत्री थोडी वर केली, जणू मॅडमनाही सावलीत घ्यायचं आहे.

इथे मी घसा साफ केला. डेपोत असताना कायद्याची चार पुस्तकं कपाटात होती आणि मी त्या कपाटासमोर बसायचो, एवढा माझा अभ्यास. मी म्हणालो, "मॅडम, मुळात पाण्याबाहेर नाव हे वाहनच होत नाही. तो माल झाला."

"माल असन तर मालावर माणूस बसवता येत नाई."

"बरं, मग वाहन धरा."

"वाहन असन तर ओढलेल्या वाहनात बसवता येत नाई."

कुठूनही धरलं तरी वारलूभाऊ खालीच येत होते. मी तिसरा मुद्दा शोधत असताना मॅडम त्यांच्याजवळ गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगा. अचानक ब्रेक मारला त ट्रॅक्टर थांबते. नाव थांबते का?"

"नाव आपल्यानं थांबत नसते. थांबवा लागते."

"कशानं?"

"वल्ह्यानं."

"मारा मंग डांबरात."

वारलूभाऊंनी वल्ह्याकडे पाहिलं, डांबराकडे पाहिलं आणि उतरले. पावती प्रभाकरच्या नावानं फाटली. वर समज मिळाली की पुन्हा नावेत माणूस दिसला तर ट्रॅक्टर ठाण्यात जाईल. नाव पुढे निघाली, फाटा नजरेआड झाला, आणि वारलूभाऊ चालत्या गाडीवर पाय देऊन पुन्हा नावेत. छत्री उघडली.

प्रभाकरनं त्या रात्री जेवताना मला सांगून टाकलं, "भाऊजी, नाव मी फुकटात नेतो. त्यांले नाई नेत. ट्रॅक्टर ठाण्यात गेला त धानाचं चिखलणं तुम्ही करान का?" मी माझ्या पायांकडे पाहिलं.

मृग तोंडावर आला तशी गोष्ट चिघळली. नाव तलावात, नदी तिकडे. गावात दुसरा कोणी ट्रॅक्टर द्यायला तयार नाही. बातमी सगळ्यांना कळली होती. नाव वेळेत नदीवर लागली नाही तर टोल्याच्या लोकांना पावसाळाभर उतारा नाही. टोल्यातली माणसं येऊन वारलूभाऊंच्या ओट्यावर बसायची, बिडी ओढायची आणि जायची. आणि वारलूभाऊंचं एकच, "खाली नाव न्यायची नाई." खाली म्हणजे रिकामी.

कारण विचारलं की ते नदीकडे पाहायचे. प्रभाकर म्हणे, हट्ट. माझी बायको म्हणे, म्हातारचळ. मला मात्र वाटत होतं की मला खरं कारण कळलं आहे. आमच्या नदीकाठच्या गावांत रिकामी नाव आपल्याआप वाहत आलेली दिसली की बाया चुलीवरचं भांडं खाली उतरवतात. त्याचा अर्थ कोणी कोणाला सांगत नाही. तेव्हा ही नावाड्याची अपशकुनाची समजूत असणार, आणि समजुतीवर इलाज समजुतीनंच करायचा, असं मी ठरवलं.

इलाज साधा होता. नाव रिकामी नको आणि नावेत माणूसही नको. मग बुजगावणं बसवा.

मी माझी निवृत्तीची सफारी घेऊन गेलो. कचेरीनं दिलेली, एकदाच घातलेली. म्हटलं, यात तणस, धानाचा पेंढा भरू. वारलूभाऊ इतके खूष होतील असं मला वाटलं नव्हतं. माझे दोन्ही हात धरले त्यांनी. पण सफारी परत केली. "तुमच्या कपड्यात तो साहेब दिसते, बाबू. माझेच कपडे घाला." स्वतःचा निळा सदरा दिला, धोतर दिलं, डोक्याचा शेला दिला, वरून नारिंगी जाकीट. मडक्याला शेला बांधताना तीनदा सोडून पुन्हा बांधला, कारण ते स्वतः डावीकडे गाठ मारतात. मला हसू आलं. म्हटलं, सासरी पाठवायचा आहे काय. ते म्हणाले, "दुरून माझ्यासारखा दिसला पायजे."

सकाळी निघालो. तणसाचे वारलूभाऊ नावेत, काळी छत्री दांड्याला बांधलेली. खरे वारलूभाऊ आणि मी ट्रॅक्टरच्या दोन चाकांवरच्या पत्र्यांवर, एकेका बाजूला एकेक. वजन बरोबर वाटलं गेलं म्हणून वारलूभाऊ समाधानी. मी तर कायदा अक्षरशः पाळल्याच्या आनंदात होतो. सडकेवरून जाणारे लोक बुजगावण्याला रामराम करत होते आणि खऱ्या वारलूभाऊंकडे कोणी पाहत नव्हतं.

गावाच्या अलीकडे मोहाचं मोठं झाड आहे, तिथे वळणावर एक बकरी आडवी आली. प्रभाकरनं ब्रेक मारला. ट्रॅक्टर थांबला. नाव एक झटका खाऊन वाकडी झाली, आणि तणसाचा माणूस छत्रीसकट उडून सडकेवर पडला. मागून ट्रक येत होता. त्यानं करकचून ब्रेक दाबला, पण पुढची चाकं वरून गेली.

मडकं फुटल्याचा आवाज फार वाईट असतो.

ट्रकचा ड्रायव्हर परमुलखातला, मिशीत पांढरे केस आलेला माणूस. तो खाली उतरला नाही, घसरला. "ऊपर से गिरा साहब, मैंने नहीं मारा, माँ कसम ऊपर से गिरा," म्हणत चाकाजवळ गेला, वाकला, निळ्या सदऱ्याची बाही धरली आणि त्याच्या हातात मूठभर तणस आलं. तो तिथेच बसला. हसत होता की रडत होता ते त्यालाही कळत नसावं. मी त्याला पाणी नेऊन दिलं.

वारलूभाऊ पत्र्यावरून उतरून आले. चाकाखालून आपला सदरा ओढून काढला. झटकला. तणस उडालं. मग मोहाच्या सावलीत जाऊन बसले. मी शेजारी बसलो.

"कायदा बरोबर हाये, बाबू," ते म्हणाले. "त्या बाईनं खरंच सांगतलं होतं."

"मग आता नाव तशीच जाऊ द्या. समजूत काय, मनाची असते."

"समजूत कोनाची? मले काई नाई होत. तारा ओट्यावर बसली राह्यते."

तारावहिनी त्यांची बायको. सिरोंच्याकडच्या, नावाड्याचीच लेक. जुन्या बायांसारखं मधूनच तेलुगू बोलतात. हल्ली विसरतात एवढं मला माहीत होतं. साखर मागायला येतात आणि मीठ घेऊन जातात, माझी बायको हसून सांगायची.

"तिच्या बापाची नाव घाटावर खालीच आली होती," वारलूभाऊ म्हणाले. "ही इवलीशी होती. घाटावर हीच उभी. आता तिचा कालचा दिवस वाहून जाते, आन् तो दिवस तसाच राह्यते. दोन-तीन वर्सांमागं मी घाट साफ करायले सायकलीनं पुढं गेलो. प्रभाकरनं नाव घरापुढून नेली, खाली. मी सांजेले घरी आलो त तिच्या कपायावर कुकू नाई. मले म्हनते, बसा भाऊ, घरी मानूस नाई कोनी. पानी देल्लं मले. पाहुन्यासारखं दोन हातानं."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. पाहुना राह्यलो. आपल्याच घरी. ओट्यावर झोपो, दिलं ते खावो. लय दिवसानं एका सकाळी चहा घेऊन आली आन् म्हनते, कुठी गेले होते वो इतके दिवस. म्हटलं, नदीवर."

ते सदऱ्याची फाटलेली शिवण जुळवून पाहत होते. छत्री मला तेव्हा समजली. वळणावळणावर दिलेला तो आवाजही समजला. गावभर ऐकू जायला हवा होता तो एकाच ओट्यावर. आणि आम्ही सगळे त्यांची नक्कल करून पंगतीत हसायचो. सगळ्यात चांगली नक्कल माझी होती.

मडावी मॅडम मोटरसायकलवर येऊन उभ्या होत्या. केव्हापासून, ते कळलं नाही. त्यांनी आधी ट्रकवाल्याची विचारपूस केली, बकरी कोणाची ते विचारलं, मग पावतीबुक काढलं. ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर माणूस बसवणं, हाही गुन्हा असतो. हे त्या कपाटातल्या पुस्तकात असणार. पावती फाडून प्रभाकरच्या हातात दिली. प्रभाकरनं ती माझ्या खिशात घातली.

"नावेत कोणी बसणार नाई," मॅडम म्हणाल्या. "पत्र्यावरही नाई."

"नाई बसत, बाई," वारलूभाऊ म्हणाले.

मी म्हणालो, "एक करता येईल. मी पुढे जाऊन वहिनींना घरात घेतो, दार लावतो, तोवर नाव—"

"बाबू," वारलूभाऊ म्हणाले, "आता तुम्ही सल्ला नोका देऊ."

इतक्या मायेनं मला आजवर कोणी गप्प केलं नव्हतं. ते उठले. प्रभाकरला म्हणाले, "मी येतपर्यंत गावाच्या अलीकडं थांबून राह्य." आणि फाटका सदरा खांद्यावर टाकून चालत गावात गेले.

आम्ही थांबलो. मागे ट्रकांची रांग लागली. कोणीतरी हॉर्न दिला. मॅडम रांगेच्या तोंडाशी जाऊन आडव्या उभ्या राहिल्या आणि हॉर्न बंद झाला. पहिल्या ट्रकवाल्यानं, ज्याच्या हातात तणस आलं होतं त्यानं, इंजिनच बंद केलं.

वारलूभाऊ आले तेव्हा तारावहिनी सोबत होत्या. हात धरून आणलं होतं त्यांना. नवं लुगडं नेसवलं होतं, घडीच्या खुणा अजून तशाच होत्या. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, ट्रक पाहिले, मला पाहून ओळखीचं हसल्या. ओळखलं की नाही सांगता येत नाही. मग नाव पाहिली आणि जागच्या जागी थांबल्या.

"नाव खाली काऊन हाये वो?"

प्रभाकरनं स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. मी जमिनीकडे पाहत होतो.

"आपन दोघंही उतरलो म्हनून," वारलूभाऊ म्हणाले.

वहिनींनी नावेत डोकावून पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. हे उत्तर त्यांनी बराच वेळ तपासलं. "मंग ठीक हाये," म्हणाल्या.

वारलूभाऊंनी त्यांचा हात उचलून नावेच्या फळीवर ठेवला, आपला त्यावर ठेवला, आणि मान हलवली. प्रभाकरनं पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर सोडला. इतका हळू की चाकाखालचा खडा न् खडा ऐकू येत होता. सडकेच्या कडेनं ती दोघं नावेला धरून चालली, मागे मी, माझ्या मागे मोटरसायकल ढकलत मॅडम, आणि त्यांच्या मागे ट्रकांची मुकी रांग. दारादारांत लोक उभे राहिले.

घर आलं. ओट्यावर वहिनींची सतरंजी तशीच पसरलेली होती, शेजारी पाण्याचा तांब्या. वहिनी त्या रिकाम्या ओट्याकडे मान वळवून पाहत राहिल्या.

"हे कोनाचं घर वो?"

"आपलंच."

"मानसं कुठी गेले?"

"नावेसंगं गेले," वारलूभाऊ म्हणाले. "येतीन सांजेले."